रंगरावांची शेव

हिंदी मुलखातल्या पलासिया वस्तीतील आमचे शेजारी रंगराव मोहिते स्वतःस खवय्ये म्हणवतात. वस्तुतः टोमॅटोचे सार असो वा दुधीची भाजी, चव घेण्यापूर्वीच ते तीवर मूठभर शेव पसरतात. अशा जिभेला खवय्येपण कोणी बहाल केले, हे मला अज्ञात आहे.

परवा त्यांच्या मालवणच्या नव्या सुनेने, क्षितिजाने, प्रथमच सुरमईचे कालवण केले. ते सासऱ्यांना रुचले, तरच घरात पुन्हा मासे शिजणार होते. मी पाहुणा होतो. रंगरावांनी कालवणावर शेव ओतली, घास घेतला आणि मला म्हणाले, "भिया, बाकी सब बढिया, पण माशाची चवच लागत नाही!"

क्षितिजाने त्यांच्यापुढची वाटी उचलली. "बाबा, तुम्हाला नुसती शेवच वाढते. मासे यापुढे या काकांसाठी करीन."