शालनवहिनीचं फ्रीव्हील

फोन सकाळीच आला. भाचा सांगलीहून बोलत होता. "आत्या, आई गेली गं..." एवढंच म्हणाला. रडायचं सोडून मी म्हातारीनं काय विचारावं? "तिचं ते फ्रीव्हील कुठंय?" तो म्हणाला, "तुझ्यासाठीच बाजूला काढून ठेवलंय."

फ्रीव्हील म्हणजे सायकलीच्या मागच्या चाकावरचं दातेरी चक्र, ज्यावर चेन बसते. आमच्या शालनवहिनीनं दात झिजलेलं असं एक चक्र जन्मभर टेबलावर ठेवलं, तपासायच्या वह्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. नोकरी संपली, वह्या संपल्या, तरी ते तिथंच होतं. वहिनीला जाऊन आता दीड महिना झाला, आणि ते चक्र सायकलीवरून निघालं त्या दिवसाबद्दल मला अजून एक गोष्ट कबूल करायची आहे.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, लग्नानंतर महिन्याभरात पलटणीत परत गेला. मागं बायको आणि सायकल ठेवून. वहिनी सांगलीची, सातवीची फायनल परीक्षा पास झालेली, माहेरी भावाच्या सायकलीवर गावभर हिंडलेली. आमचं गाव कराडपासून सहा मैलांवर. कराडच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण हवी आहे असं तिला कळलं, आणि तिनं माझ्या वडिलांना, आबांना, सरळ विचारलं. आबा भारी बेरकी. त्यांनी नाही म्हटलंच नाही. "ह्या सायकलीवर माळाचा चढ पाय न टेकता चढून दाखव," म्हणाले, "मग खुशाल जा. न्हाईतर शाळंचं नाव काढायचं न्हाई."

आबांना पक्कं ठाऊक होतं, त्या सायकलीच्या फ्रीव्हीलचे दात पार झिजले होते. जोर लावला की चेन सटकायची आणि पाय हवेत. दादासुद्धा त्या चढावर उतरून सायकल ढकलत न्यायचा. वहिनी फक्त "व्हय मामंजी" म्हणाली आणि भावाला पत्र टाकलं. लढाईमुळं कराडात माल मिळत नव्हता. भावानं सांगलीत कुठून तरी मिळवलं आणि येणाऱ्याच्या हाती धाडलं : नवं फ्रीव्हील, नवी चेन, कारण झिजलेल्या चेनीशी नवे दात जमत नाहीत, आणि लोहाराकडून घडवून घेतलेली दोन दातांची लोखंडी पट्टी. ती पट्टी फ्रीव्हीलच्या खाचांत बसवायची, घट्ट धरायची आणि अख्खं चाक फिरवायचं, असं चिठ्ठीत लिहिलं होतं.

धरायची कशात? वहिनीनं परड्यातला उसाचा चरक हेरला. गुऱ्हाळ बंद होतं, चरक रिकामाच होता. तिनं दोन रुळांच्या मध्ये पट्टी घातली, पाचर ठोकली, चाक त्यावर चढवलं आणि मला हाक मारली, "वन्सं, या बाजूनं धरा."

मी धरलं. तिनं पदर खोचून ताकद लावली. चाक हलेना. फ्रीव्हीलचं असंच असतं, प्रत्येक पायडलागणिक ते आणखी आवळत जातं, आणि हे तर दादाच्या पायानं कैक वर्षं आवळलेलं. तासभर झटलो. वहिनीचे तळवे सोलले. आणि मी... मी नुसती धरून उभी होते. जोर लावतच नव्हते. आईचे हात संधिवातानं गेलेले. वहिनी शाळेत गेली की साऱ्या घराच्या भाकरी माझ्या गळ्यात. मला ते चाक सुटायला नकोच होतं.

आबा बाजेवर बसून सगळं बघत होते. शेवटी उठले. माझ्याकडं असं काही बघितलं, की मी हात काढून घेतले. "सर तू," म्हणाले. मग वहिनीला, "हूं, लाव पोरी जोर." सासऱ्यानं आणि सुनेनं एकदम हिसका दिला. कर्रर्र करून चाक फिरलं आणि जुनं फ्रीव्हील सुटलं, तेच पुढं वहिनीच्या टेबलावर बसलं. आबाच आधी हसले, स्वतःची पैज आपल्याच हातानं हरत होते तरी.

दुसऱ्या दिवशी नऊवारीचा काष्टा घट्ट मारून वहिनी निघाली. चढाच्या पायथ्याशी निम्मं गाव. ती उभी राहून पायडल मारत गेली, चेन एकदाही सटकली नाही. माथ्यावर पोचून तिनं घंटी वाजवली, तशी आबांनी खालून हात उंच करून दाद दिली. "भाकरीला लाग गं आता," मला म्हणाले. मी लागले. तीस वर्षं वहिनीनं पोरी शिकवल्या.

परवा सांगलीला गेले. भाच्यानं फ्रीव्हील हातात दिलं. म्हणाला, "गंजून घट्ट बसलंय, मला फिरवता आलं नाही. आईनं निरोप ठेवलाय. वन्संना द्या म्हणाली, आणि सांगा, आता तरी जोर लावा."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि कधी एका शब्दानं बोलली नाही. मी तिच्या खुर्चीत बसले, दोन्ही हातांनी चक्र धरलं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला. बोटं दुखली, डोळे भरले... आणि ते फिरलं. टक्, टक्, टक्.