मिस्त्रींचा कान

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळा रस्ता ‘कानवाले मिस्त्री’ म्हणतो. गाडी एकदा चढावरून नेऊन आणली की तिचं दुखणं हे नुसतं ऐकून सांगणार, अशी ख्याती. मी त्यांना भाऊजी म्हणते, आणि खरं सांगायचं तर ती ख्याती मला कधी पटली नव्हती. जेवायला तीनदा हाक मारावी तेव्हा हा माणूस मान वर करतो. याला कसला आलाय कान! पण कामाच्या तंद्रीत असतील, असं म्हणून मी सोडून द्यायची.

मी बत्तीस वर्षं इस्पितळात नर्स होते, त्यातली शेवटची नऊ हेडनर्स. म्हणजे मी म्हणेन ती पूर्व. ताईला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा पंधरा दिवसांसाठी म्हणून तिच्याकडे आले आणि तीन महिने राहिले. आल्या दिवशीच सगळी व्यवस्था बदलली. स्वयंपाकघराला लागून रस्त्याच्या बाजूला तिचा पलंग होता, तिथे दिवसभर शेजारच्या भाऊजींच्या गॅरेजची ठोकठोक. तो पलंग मी मागच्या खोलीत हलवला. स्वयंपाकघराची खिडकी लावून टाकली, मागच्या खोलीचा पडदा ओढला. आणि घरात एकच कायदा केला, ताईच्या कानावर कसलीही काळजी जाता कामा नये. तिने काहीही विचारलं तरी उत्तर एकच, “सगळं उत्तम चाललंय, तू पडून राहा.” भाऊजींनी मुकाट्याने मान हलवली.

दुखणं तर बरं झालं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, आता यांना चालवा, नाहीतर हातपाय आखडतील आणि पलंग सुटायचा नाही. पण ताई उठेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आधी अर्धं ताट संपवायची, मग चार घास, मग दोन. मी रागावले, लाडीगोडी लावली, पालथ्या घड्यावर पाणी. येत्या रविवारी मला घरी परतायचं होतं, सुनेचे दिवस भरत आले होते. मी गेल्यावर हिचं काय होणार, या विचाराने माझ्याच घशाखाली घास उतरत नव्हता. दुखणं गेल्यावरही विझत गेलेली माणसं मी वॉर्डात पाहिली होती.

तिकडे गॅरेजचंही बरं नव्हतं. तीन महिन्यांत तीन गाड्या दुरुस्त होऊन गेल्या आणि तक्रार घेऊन परत आल्या. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. भाऊजी आपले मूग गिळून गप्प. अर्थात ताईला यातलं काही सांगायचं नव्हतंच.

त्या गुरुवारी सकाळी रोपवाटिकेवाला आपली डिझेलची पिकअप घेऊन आला. मागे मातीच्या गोण्या आणि कलमांच्या कुंड्या.

“सपाटीवर बरी चालते हो मिस्त्री. चढ आला की म्हातारीसारखी बसते, आणि काळा धूर ओकते.”

“म्हातारीसारखी म्हणजे कशी?” मी ओट्यावरून विचारलं. तो बिचारा ओशाळला.

भाऊजींनी बॉनेट उघडलं. त्यांना काम करताना बघणं मला आवडतं, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर गरगर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, हे मला त्यांनीच एकदा समजावलं होतं. त्याच्या अंगाला डबीएवढा एक ॲक्चुएटर असतो. त्यातून एक दांडी निघते आणि ती एक झडप उघडते, मिटते. भाऊजींनी त्या डबीची रबरी नळी काढली, सायकलचा पंप जोडला आणि हवा मारली. दांडी जागची हलली नाही. गंजून अर्धी बाहेर अडकली होती, त्यामुळे झडप मिटतच नव्हती आणि धुराचा सगळा जोर पंख्याला न लागता वाटेतच निसटत होता.

नवा ॲक्चुएटर मागवला. तो येईपर्यंत इंजिन गार झालं. दांडीच्या टोकाची बारीकशी क्लिप उडून हरवू नये म्हणून त्यांनी ती अंगठ्याखाली दाबून काढली आणि खिशात टाकली. दोन बोल्ट सुटले, तिसरा हटून बसला. त्यावर तेल सोडून ते चहा प्यायले, मग बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे दोन हलके टोले दिले, लहान मुलाला जागं करावं तसे. पाना लावल्यावर बोल्ट फिरला. जुनी दांडी होती तशीच, अर्धी बाहेर, दोऱ्याने मोजून त्याच मापाने नवी बसवली. पंप मारून पाहिला, दांडी सरकन बाहेर आली आणि हवा सोडताच परत गेली. भाऊजींनी हात पुसले.

आता परीक्षा. गॅरेजसमोरचा रस्ता लगेच चढाला लागतो. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी त्या चढावर पळवायची, ही भाऊजींची जुनी रीत. रोपवाटिकेवाल्याने भरलेली पिकअप वर नेली. भाऊजी गॅरेजच्या दारात उभे राहिले. पण गाडीकडे बघण्याऐवजी ते वळून घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होते. खिडकी बंद होती.

“पुन्हा एकदा ने,” ते म्हणाले. गाडी पुन्हा वर गेली, यांचे डोळे पुन्हा खिडकीवर. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा माझा पारा चढला.

“भाऊजी, चहा हवा असेल तर तोंडाने सांगा! खिडकीकडे काय बघताय?”

ते जवळ आले. चेहरा उतरलेला.

“सिस्टर,” ते मला चिडवायला असंच म्हणतात, पण आता आवाजात चेष्टा नव्हती. “शिट्टी कशी येतेय, सांगशील का?”

“कसली शिट्टी?”

“टर्बोची. गाडी चढताना बारीक शिट्टी वाजते. चढत जाते की मध्येच पडते?”

“मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही कानवाले ना?”

“मला नाही ऐकू येत,” ते म्हणाले. “अकरा वर्षं झाली. जाड आवाज येतो. ठोका कळतो, खडखड कळते. बारीक आवाज गेला.”

“मग इतकी वर्षं?”

“तुझी बहीण. त्या खिडकीत उभी राहायची. गाडी चढाला लागली की हात वर न्यायची. शिट्टी चढेल तसा हात चढायचा. हात थांबला की मी समजायचो, इथे गडबड आहे. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई नवऱ्याला जेवायला बोलावतेय.”

“आणि हे तुम्ही मला आज सांगताय? तिला तरी विचारायचं!”

“तूच म्हणालीस ना, काळजी नको म्हणून. आणि ती एवढी आजारी, माझ्या कामासाठी ऊठ असं तिला कुठल्या तोंडाने सांगू?”

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाला चुकीचं औषध दिलं नव्हतं. ते इथे दिलं होतं, सख्ख्या बहिणीला, तीन महिने, अगदी वेळेवर. पलंग मी हलवला होता. खिडकी मी लावली होती.

मी मागच्या खोलीत गेले. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“ताई, बाहेर एक पिकअप आलीय. नवा ॲक्चुएटर बसवलाय, पण भाऊजींना शिट्टी कळत नाहीये.”

“ठाऊक आहे,” ती न वळता म्हणाली. “तीनदा गेली वर. तिन्ही वेळा अर्ध्या चढावर दम सोडला तिने. दांडी लांब राहिलीय.”

“अगं, मग सांगितलं का नाहीस?”

“मला कुणी विचारलं?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “मी विचारतेय ना आता,” मी म्हणाले. “ऊठ.”

ती कोपरावर रेलून उठली. पाय खाली सोडले, माझा हात झिडकारला आणि भिंतीला धरून धरून स्वयंपाकघरात गेली. खिडकीची कडी घट्ट बसली होती, ती मात्र मला उघडू दिली.

भाऊजींनी तिला पाहिलं आणि त्यांच्या हातातला पाना खाली पडला. “अगं, डॉक्टरांनी...”

“डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलंय. दांडी आखूड करा. दीड फेरा.”

त्यांनी हाताला फडकं गुंडाळलं, क्लिप काढली, दांडीचं आट्यांचं टोक दीड फेरा फिरवून आत घेतलं, क्लिप परत बसवली. गाडी चढाला लागली. ताईचा हात वर निघाला. छातीपाशी आला, खांद्यापाशी आला, कानाच्या वर गेला. तीन महिन्यांत तो हात केवढा वाळला होता, ते मला उजेडात तेव्हा दिसलं. गाडी माथ्यावर पोहोचली तरी हात डोक्यावर ताठ. भाऊजींनी गाडीकडे एकदाही पाहिलं नाही.

मग ते खिडकीशी आले. दोघं गजांच्या अलीकडे-पलीकडे उभी.

“मला वाटलं, माझ्यावाचून तुमचं उत्तम चाललंय,” ताई म्हणाली. “रोज तेच सांगत होतात सगळे.”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “सांगा. खरं सांगा.”

“तीन गाड्या परत आल्या,” ते म्हणाले.

“तीन?”

“ही चौथी आली असती.”

ताईने पदर तोंडाला लावला. मी घाबरून नाडी बघायला पुढे झाले, तर ही हसत होती. हसता हसता रडत होती, आणि रडता रडता मला म्हणाली, “मला इथे स्टूल दे, आणि काहीतरी खायला आण. आणि तुम्ही हो, जाऊ नका कुठे. पहिली कुठली परत आली, तिथपासून सांगा.”