दोन्हीकडे अकरा दाते

प्रताप नगरात आमच्या फाटकाशी कडुनिंब आहे. त्याखाली माझी स्कूटर उभी असते, त्याची पानं मी रोज सीटवरून झाडतो आणि दर पाडव्याला तोंड वाकडं करून खातो. तेच झाड मी चुकीचं काढलं. एका महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाई इथल्या झाडांवर पुस्तक करताहेत, त्यातली चित्रं माझ्याकडे आहेत. त्यांनी माझा कडुनिंब परत पाठवला. कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, ‘झाड पुन्हा एकदा बघा.’

माझा पूर्वीचा धंदा शाळेच्या तक्त्यांचा. हृदय, बेडूक, जास्वंदीचा उभा छेद. माझ्या बेडकापायी किती पोरांनी छड्या खाल्ल्या असतील, देव जाणे. पुढे तक्ते संगणकावर व्हायला लागले आणि मी झाडांकडे वळलो. आता फोनवर फोटो निघतो, मग चित्र कशाला, असं मीच बाईंना पहिल्या भेटीत विचारून बसलो होतो. म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय. त्या म्हणाल्या, “फोटो एका पानाचा येतो. मला या झाडाचं कुठलंही पान ओळखता येईल असं चित्र हवंय.”

परत आलेलं चित्र मी टेबलाच्या खणात घातलं आणि कोणाला सांगितलं नाही. घरात तेव्हा दुसरीच काळजी होती. माझे वडील उमरेडहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले होते. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी डोळा लख्ख करून दिला, महिना उलटला आणि वडिलांनी जाहीर केलं की रविवारी सकाळच्या बसने ते परत जाणार. तिकडे आता आई नाही. विणायचा माग सुटा करून माळ्यावर टाकलेला. जन्मभर साड्या विणलेल्या माणसाने त्या रिकाम्या घरात एकट्याने काय करायचं?

“अन् इथं काय करू?” ते म्हणाले. “बसून बसून चहा पिऊन राहिलो. हाताले काम पाह्यजे गा माणसाच्या.”

त्यांची पिशवी आल्या दिवसापासून दाराशीच होती. एक धोतर काढायचे, धुऊन वाळलं की पुन्हा पिशवीत. ‘बाबा, राहा’ एवढं म्हणायला मला जमेना. आम्हा बापलेकांत असलं बोलायची रीत नाही. आम्ही उन्हावर बोलतो.

रविवारी आंघोळ करून बाहेर आलो तर वडील पडवीत बसलेले. मांडीवर माझं खणातलं चित्र, शेजारी कडुनिंबाची डहाळी आणि नव्या डोळ्याला भिंग. सूत मोजायचं पितळी, घडीचं भिंग. इंचात किती धागे बसले ते त्यातून बघत. डोळ्याच्या ऑपरेशनला येताना ते त्यांनी कशाला आणलं होतं, त्यांनाच ठाऊक.

“हे पान कायचं हाय गा?”

“कडुनिंबाचं.”

“नाई. हे साडीच्या काठाचं हाय.” त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. “हे खरं पान पाय. इकडे अकरा दाते, तिकडे आठ. देठापाशी एक बाजू खाली उतरते, दुसरी वरच थांबते. तू दोनीकडे अकरा काढले. झाड काय मागावर बसून विणते?”

मी पाहिलं. दुसरं पान घेतलं, तिसरं घेतलं. आकडे बदलत होते, पण दोन बाजू सारख्या कुठेच नव्हत्या. प्रत्येक पान जरासं एका अंगाला झुकलेलं. शिवाय डहाळीच्या शेंड्याला नसलेलं एक पान मी माझ्या मनानेच बसवलं होतं, उघडं दिसू नये म्हणून.

लहानपणी काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवायचं काम माझ्याकडे असे. अर्धं फूल काढायचं आणि घरं मोजून उरलेलं अर्धं उलटं बसवायचं. एक घर चुकलं की वडील पेन्सिलीनेच बोटांवर मारत. ते मलाही आठवलं आणि त्यांनाही आठवलं असावं, कारण त्यांनी भिंग माझ्या हातातून घेतलं आणि धोतराच्या सोग्याने पुसलं.

“तुयी चूक नाई,” ते म्हणाले. “हा हात मीच बांधला तुया.”

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “ऊन वाढलं.”

“हो. उन्ह चढायच्या आधी त्या वरच्या फांदीची डहाळी आण. जुनी पानं पाहू कशी हायत तं.”

आतून बायकोने हाक मारली, “मामाजी, डबा भरला. नऊची बस आहे ना तुमची?”

“थांब वं पोरी, मोजून राहिलो दिसत नाई का?”

नऊ वाजले, दहा वाजले. ते दाते मोजून सांगत होते, मी पेन्सिलीने टिपत होतो. पुढचे चार दिवस मी शाईच्या ठिपक्यांनी पानाला सावली देत बसलो आणि ते शेजारी बसून, ठिपका जास्त झाला की नुसतं खाकरत. बाईंनी चित्र ठेवून घेतलं आणि पुढचं झाड कळवलं, पळस.

“तीनच पानं,” मी खूश होऊन म्हणालो.

“तीन हायत म्हणून सोपं समजू नको. बाजूचे दोन आधी मोजू दे मले,” वडील म्हणाले. “पळस झाला की जाईन.”

त्या रात्री भांडी आवरताना मी बायकोला विचारलं, चित्र खणातून पडवीत कसं गेलं?

“मीच ठेवलं. डहाळीही मीच तोडली. पानाच्या दोन बाजू सारख्या नाहीत हे तं मले तुम्ही काढत होते तेव्हाच दिसलं होतं.”

“मग तेव्हा काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तं माझ्याशी वाद घातला असता.” तिने हात पुसले. “कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला आहे. मामाजींच्या पिशवीतले कपडे त्यात लावून ठेवा. मी लावले तं ते विचारतील, काहून लावले. तुम्ही लावले तं काही बोलणार नाहीत.”