मामांची पट्टी, माझा खिळा

मामांच्या पेटीतली पट्टी मी त्यांना न विचारता घेतली आणि खिडकीची चौकट अर्धा इंच मोठी कापली. चूक सर्वस्वी माझी, आणि मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. नकाशा हातात घेतला की आधी त्याचं प्रमाण बघा रे, मगच मोजा, असं वर्षभर पोरांना घसा फोडून सांगतो आणि जो बघत नाही त्याचे दोन मार्क कापतो. माझे मार्क कुणी कापले नाहीत. बोटं तेवढी सापडली.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात आणि सासरा जावयाला पावणं म्हणतो. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी मी पावणाच आहे. तर छातीवर हात ठेवून सांगतो, मामांच्या फुलेवाडीच्या घरात आजवर एकही प्लंबर, सुतार, गवंडी किंवा वायरमन कामासाठी शिरलेला नाही. चहाला येऊन गेले असतील. पान्याला हात लावायची परवानगी कुणाला मिळाली नाही. मामा चाळीस वर्षं उद्यमनगरातल्या एका कारखान्यात पॅटर्नमेकर होते. लोखंडाचं ओतकाम करायचं तर आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा करतात आणि त्यात वितळलेलं लोखंड ओततात. तो लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, करणारे मामा. केसाइतका फरक ज्याला चालत नाही असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घराचं काय होतं ते तिथं जाऊन बघावं. दारं आवाज करत नाहीत, नळ ठिबकत नाहीत, कपाटाचा खण ओढला तर तो लोण्यातून आल्यासारखा येतो. अशा घरात माझ्यासारख्या माणसाला नुसतं बसायचीही भीती वाटते, कारण खुर्ची मोडली तर संशय कुणावर जाणार हे उघड आहे.

लग्न ठरवायला ते आमच्या घरी आले तेव्हा बाकीचे लोक पगार, शेती, पत्रिका असलं काहीबाही बोलत होते आणि मामा टेबलाखाली वाकले होते. आमच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली माझ्या वडिलांनी जुन्या वर्तमानपत्राची घडी सारली होती. मामांनी ती घडी काढली, खिशातून चाकू आणि लाकडाची ढलपी काढली, तासून पायाला बसवली, टेबल हलवून बघितलं आणि वर येऊन मला एकच प्रश्न विचारला, "नळाचा वायसर बदलता येतो न्हवं?" मी "हो" म्हणालो. वायसर नळाच्या आत असतो की बाहेर, हेही मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. त्या एका "हो"वर माझा संसार उभा आहे. दोन महिन्यांनी मामांनी खरोखरच एक वायसर माझ्या तळहातावर ठेवला. मेन कॉक बंद न करता मी नळ उघडला. पाणी छताला लागलं. मामा टोपीसकट भिजत उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "टेबलाचा पाय बघत बसलो, माणूस बघायचा ऱ्हायला."

त्यांना सगळ्यात कमी सहन होतो तो वाकडा खिळा. रोज संध्याकाळी ते कट्ट्यावर बसतात, पुढ्यात रेल्वे रुळाचा वीतभर तुकडा, आणि गल्लीत पडलेले, पेट्यांचे, मांडवांचे जुने खिळे टुक टुक करत सरळ करतात. मापाप्रमाणे डबे लावलेले आहेत. माझ्या माहितीत त्यांनी नवा खिळा कधी विकत घेतलेला नाही. मुरगूडला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवाच्या खांबातला वाकडा खिळा त्यांना दिसला. शेवटच्या अष्टकापर्यंत ते कसेबसे थांबले असतील, मग खिशातल्या पकडीनं त्यांनी तो उपटला. त्याच खिळ्यावर वधूवरांच्या नावांचा फलक होता; तो फोटोग्राफरच्या डोक्यावर आला. लोक धावले. मामा म्हणाले, "त्यो खिळा कसा मारलाता ते कुणी बघत न्हाय, आन् मला बोलत्यात!" तो खिळा घरी नेऊन त्यांनी सरळ केला आणि पुढच्या आठवड्यात सत्यनारायणाला गेले तेव्हा कागदात गुंडाळून यजमानांना परत दिला.

किडामुंगीच्या बाबतीतही त्यांचं शास्त्र घरचंच. झुरळांसाठी ते बोरिक पावडर, कणीक आणि साखर मळून गोळ्या करतात आणि बशीत घालून ओट्यावर वाळत ठेवतात. त्यांचं मळणंही पॅटर्नमेकरचं, सगळ्या गोळ्या एका मापाच्या. एकदा शाळेतून भुकेला येऊन मी त्यातली एक तोंडात टाकली. चव लागताच थुंकलो, चुळा भरभरून नरडं दुखवून घेतलं. मामा बशीकडं बघत राहिले. "पंधरा दिस झालं, झुरळांनी तोंड लावलं न्हाय," ते म्हणाले. "पावण्यांनी मातूर आल्या आल्या उचलली."

गेल्या वर्षी हेच मामा शिडीवरून पडले. कौल बदलत होते. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. सासूबाई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. पडल्यावर दुधवाला येईपर्यंत ते अंगणात एकटेच बसून होते, आणि ही गोष्ट माझ्या बायकोच्या मनातून काही केल्या जाईना. तिनं प्लास्टर सुटलं त्या दिवशी निकाल दिला, "आप्पा, पुन्हा तुमचा पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर जरी दिसला, तर घराला कुलूप. माझ्याकडं फ्लॅटवर ऱ्हायचं." मामा लेकीला आक्का म्हणतात आणि जगात फक्त तिलाच घाबरतात. "तुझ्या फ्लॅटात मी करू काय, आक्का?" त्यांनी विचारलं. "तितं समदं बिल्डरनं करून ठिवलंय. वाईट केलंय, पर हात लावू देत न्हाईत." शेवटी तह झाला. मामांनी जमिनीवर राहायचं. शिडीवरचं काम दर रविवारी मी करायचं. म्हणजे मामांचं त्या घरात राहणं माझ्या हातांवर येऊन पडलं. इतक्या कच्च्या खांबावर कुणी कुणाचं घर टेकवू नये.

मग माळ्यावर उंदीर आले. मागच्या खोलीत वर फळ्यांचा माळा आहे आणि त्यावर मामांनी आयुष्यभरात केलेले, कारखाना बंद पडला तेव्हा घरी आणलेले पॅटर्न रचून ठेवलेत. मी गुपचूप एक पेस्ट कंट्रोलवाला पाठवला. मामांनी त्याला दारातच अडवलं. "उंदराला मारून काय मिळतंय? दुसरा येतोय. वाट कुटनं हाय ती हुडका की." तासाभरानं मी पोचलो तर तो माणूस पाठीवरचा पंप उतरवून, बॅटरी घेऊन मामांच्या सूचनेप्रमाणे भिंती तपासत होता. वाट सापडली. माळ्याच्या तोंडाशी भिंतीत चार फुटी आडवी खिडकी आहे, तिच्या जाळीची चौकट कुजली होती. तो माणूस चहा पिऊन, झुरळांच्या गोळ्यांची कृती लिहून घेऊन गेला. नवी चौकट करायचं काम माझ्यावर आलं.

खिडकीचं माप मी माझ्या नव्या टेपनं घेतलं. चार फूट बाय दोन फूट, दोनदा मोजून. अंगणात सागवानी पट्ट्या कापायला बसलो तेव्हा टेप आत अडकली ती बाहेर येईना. मामा पेपर वाचत होते. त्यांच्या पेटीत दोन फुटी स्टीलची पट्टी होती. घेतली, दोनदा ठेवली, चार फूट झाले, कापले. आडवं, उभं, सगळं तिनंच. कोपरे जोडले, जाळी ठोकली. खोटं कशाला सांगू, चौकट बघून मला स्वतःचा अभिमान वाटला.

शिडीवर चढून ती खिडकीला लावली तर बसेना. भिंत जुनी आहे, खचली असेल, असं मी ठरवलं. ठोकलं. चौकट तिरकी आत गेली आणि अडकली; तिच्याबरोबर माझ्या डाव्या हाताची दोन बोटंही चौकट आणि भिंत यांच्यामध्ये राहिली. पुढं नाही, मागं नाही. खाली खुर्चीत मामा. त्यांनी चष्मा वर केला.

"पट्टी कंची घेतलीती?"

"तुमचीच."

"पेटीतली?"

मी मान हलवली. मामांनी डोळे मिटले. "पावणं, ती लोखंडाच्या वतकामाची पट्टी हाय. वतलेलं लोखंड थंड झाल्यावर आकसतंय, फुटाला एक सूत. म्हणून आमच्या पट्टीचा फूटच एक सूत मोठा असतोय. लाकूड काय तुम्ही तापवून वतलंय व्हय?" एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार फुटाला चार सूत, अर्धा इंच. बोटं ठणकत असतानाही हिशेब मला पटला.

मामा उठले आणि भिंतीला टेकवलेला, चढायचा लाकडी घोडा ओढत आणू लागले. मी ओरडलो, "मामा, चढू नका! तिला कळलं तर कुलूप लागेल!"

"मग तुमास्नी हितंच टांगून जेवाय बसू?"

ते चढले. पटाशीच्या एका टोल्यानं चौकट सैल केली, माझी बोटं सुटली. इथपर्यंत नाइलाज होता. पण खाली आल्यावर त्यांनी चौकट मांडीवर घेतली, जास्तीचं माप चारी बाजूंनी करवतीनं उतरवलं, रंधा फिरवला, आणि मी ती घ्यायला हात पुढं केला तर म्हणाले, "तुम्ही शिडी धरा." मी धरली. ही माझी दुसरी चूक, आणि ती मी पुन्हाही करीन. चौकट खिडकीत बसली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मग माळ्यात डोकं घालून त्यांनी एक पॅटर्न ओढला. कसल्या तरी इंजिनाचं झाकण होतं. कडेला उंदरानं कुरतडलं होतं. त्या जागेवरून अंगठा फिरवत ते बराच वेळ उभे राहिले. वर्षभरात त्यांनी ते बघितलं नव्हतं. शिडीच बंद होती ना. मी शिडी घट्ट धरून राहिलो. त्यांची टाच माझ्या तोंडासमोर होती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बायकोच्या मोपेडचा हॉर्न वाजला. रविवारी दुपारी ती डबा घेऊन यायची.

"मामा, उतरा! मी केलं म्हणून सांगतो."

मामांनी पॅटर्न ठेवला आणि चौकटीकडं बघितलं. सांध्यात नखसुद्धा जात नव्हतं. "कोण इस्वास ठिवणार?" ते म्हणाले. मला राग यायला हवा होता. पण मीही बघितलं, आणि खरंच, कोण ठेवणार?

मामांनी खिशातून एक खिळा काढला, त्यांनीच सरळ केलेला. तो नव्याकोऱ्या चौकटीच्या ऐन मध्यावर तिरका धरला. एकदा माझ्याकडं बघितलं. मग तोंड फिरवून हातोडा घातला. खिळा अर्धा आत गेला आणि वाकला. दुसऱ्या टोल्यानं त्याची मान पडली, शेजारी लाकडाला हातोडीचा वाटोळा व्रण उठला. ते खाली उतरून खुर्चीत बसले तेव्हा त्यांचा चेहरा कुणीतरी गेल्यासारखा झाला होता. मी हातोडा घेऊन दोन पायऱ्या चढलो.

बायको आत आली. डबा ठेवला. माझ्याकडं, शिडीकडं, घोड्याकडं, मग वडिलांच्या पायांकडं बघितलं. "आप्पा, चढला नव्हता न्हवं?"

"म्या? इचार की पावण्यांना."

मला उतरवून ती स्वतः वर गेली. चौकटीच्या कडेवरून हात फिरवला, सांध्याशी थांबली, कपाळाला आठी पडली. मग हात मध्यावर आला. खिळा लागला. "हं," ती म्हणाली, "ह्यांचंच काम आहे." खाली येऊन डबा उघडता उघडता तिनं मामांच्या पांढऱ्या केसांत अडकलेलं माळ्यावरचं कोळिष्टक ओढणीनं हळूच पुसून काढलं. कुलपाचा विषय त्यानंतर तिनं काढलेला नाही. मात्र आता ती रविवारी डब्यासाठी थांबत नाही, सकाळीच माझ्याबरोबर येते आणि मी एक बाजू धरली की शिडीची दुसरी बाजू धरून उभी राहते.

उंदीर गेले. खिळा आहे. मामांनी खुर्ची फिरवून घेतली आहे, खिडकीकडं पाठ करून बसतात. तरी मधूनच मान वळते, आणि वळली की हात खिशातल्या पकडीकडं जातो. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, काढून टाकू का तो खिळा? आता ती काही विचारत नाही."

त्यांनी वर बघितलं. मग पकड खिशात परत ठेवली.

"ऱ्हाऊ दे. आलं-गेलं इचारत्यात, ह्यो खिळा कुणी मारला म्हणून. 'जावयानं' असं म्हटलं, की फुडं कोण काय इचारत न्हाय."