एव्हलिनचा हातगुण

उत्तनमध्ये पोर जन्मलं की त्याचा बाप्तिस्मा नंतर व्हायचा, आधी ते एव्हलिनच्या पायांवर पालथं पडायचं. कोमट खोबरेल ओतून ती त्याला असं रगडायची की बघणाऱ्या आईने तोंड फिरवावं. पण न्हाऊन निघालेलं पोर दुपारपर्यंत गाढ झोपायचं आणि आया म्हणायच्या, मावशीच्या हाताला गुण आहे. मुरगळलेले पाय, सरकलेली कोपरं, सगळं तिच्याकडेच यायचं. डॉक्टरांविषयी तिचं मत फारसं चांगलं नव्हतं, आणि ते ती पोटात ठेवत नसे.

तिचा नातू ॲड्रियन दीड वर्षांचा असताना ओट्यावरून पडला. ओटा तो केवढा, गुडघ्याएवढा. डोकं मागून फरशीवर आपटलं, पोर किंचाळलं आणि आईच्या कडेवर गप्पही झालं. थोड्या वेळाने त्याच्या आईच्या, स्टेफनीच्या लक्षात आलं की तो उजवा हात उचलतच नाहीये. बिस्किट पुढे केलं तरी डावाच हात येत होता.

"मम्मी, डोक्याला लागलंय. भाईंदरला दाखवूया," ती म्हणाली. नवरा सॅव्हियो बोटीवर होता, विचारायचं तर सासूलाच.

"डोक्याला लागलं असतं तर उलटी झाली असती. सूज पण न्हाय. कोपर सरकलंय त्याचं. आण इकडं."

हे काही उगाच ठोकून दिलेलं नव्हतं. असे लोंबते हात तिने कितीतरी बसवले होते. तिने कोपर धरून वळवलं आणि आत काहीतरी जागेवर बसल्यासारखं तिला वाटलं. वाटलं, कारण तसं वाटायला हवं होतं. मग तिने हात ओढणीने छातीशी बांधून टाकला. बांधलेला हात हलत नाही, याचं कुणाला काय नवल वाटणार?

सकाळी पोराला उभं केलं तर उजवा पायही दुमडला. रडताना तोंड एका बाजूला ओढलं जात होतं. एव्हलिनची पाचावर धारण बसली.

"लकवा आहे," भाईंदरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एवढ्या लहान मुलांच्या मेंदूतली बारीक रक्तवाहिनी कधी कधी साध्या पडण्यानेही बंद होते. हाताला काहीच झालेलं नाही."

"काल आणलं असतं तर?" स्टेफनीने विचारलं.

"सांगता येत नाही. पण आणायला हवं होतं."

हे वाक्य त्यांच्याबरोबर घरी आलं आणि राहिलं.

पोर पाय फरफटत का होईना, चालायला लागलं. हाताची मूठ मात्र वळलेलीच राहिली. स्टेफनी त्याला व्यायामासाठी काशीमीऱ्याला न्यायची, घरी दार लोटून व्यायाम करून घ्यायची. सासूला ती एका शब्दाने बोलली नाही. जेवायला वाढायची, गोळ्या आणून द्यायची. फक्त एव्हलिनने नातवाला घ्यायला हात पुढे केले की ती त्याला उचलून आत न्यायची. भांडली असती तर एव्हलिननेही तोंड सोडलं असतं आणि दोघी मोकळ्या झाल्या असत्या. हे गप्प राहणं तिला आतून खात होतं. गावातल्या आया पोरं घेऊन आल्या की कंबर धरल्याचं सांगून ती त्यांना परत पाठवायची.

यंदा स्टेफनीला मुलगी झाली. बाळ घरी आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी एव्हलिनने कुणी न सांगता तेल कोमट केलं, पाणी तापत ठेवलं, चटई अंथरली. या पोरीच्या निमित्ताने तरी सून आपल्याला जवळ करील, एवढीच तिला आशा होती.

स्टेफनी बाळाला घेऊन आली. तिच्या मागून एक अनोळखी बाई आत आली.

"खारी गावच्या सुलूताई. मालिशला रोज येतील," स्टेफनी म्हणाली. सासूकडे तिने बघितलं नाही.

एव्हलिन भिंतीला धरून उठली. सुलूताई चटईवर बसल्या, पदर खोचला आणि सहज बोलल्या, "एवढं मोठं गाव तुमचं, आजी. इथं मालिशवाली कुणी नाही का?"

स्टेफनी बाळाचा लंगोट सोडत राहिली.

"न्हाय कुणी," एव्हलिन म्हणाली आणि गरम पाणी आणायला गेली.