पाचवं शील आणि माझं लाल नाक

माझं नाक लाल झालं त्या वर्षी, मी काम करतो त्या दापोड्याच्या गोदामाबाहेर ट्रकवाले मला लांबून बघून ब्रेक मारायचे. हे मी वाढवून सांगतोय, पण जरासंच. एकाने खरोखर मारला होता. मध्ये म्हैस होती, ती गोष्ट वेगळी.

नाकावरून लाली गालांवर आली, गालांवरून कपाळावर. वर बारीक पुटकुळ्या, आणि आग अशी की गालावर भाकरी फुगली असती. दारूचा थेंब मी कधी जिभेला लावलेला नाही. पण लाल नाक दिसलं की लोक आधी वास घेतात.

गोदामात ते चाललं असतं. विहारात चालेना. आमच्या वस्तीच्या विहारात दर पौर्णिमेला पुढे उभं राहून पंचशील मी म्हणायचो आणि माझ्यामागून सगळे म्हणायचे. बारा वर्षांचा मान होता तो. आणि पाचवं शील नेमकं दारूपासून लांब राहण्याचं.

एका पौर्णिमेला पाचव्यावर आलो आणि मागच्या ओळीत कोणीतरी खोकलं. पुढच्या पौर्णिमेला तिघं खोकले. तिसऱ्या खेपेला तर अख्ख्या विहाराला डांग्या खोकला झाला होता.

मग विहार समितीचे अध्यक्ष घरी आले. रिटायर्ड पोस्टमन. माझ्या नाकाकडे न बघण्याची शिकस्त करत त्यांनी चहा संपवला.

"भाऊ, यंदा बुद्धपौर्णिमेला दुसऱ्या कोणाला म्हणू द्याल का?"

"का? माझा आवाज बसलाय?"

"आवाजाचं न्हाय हो. लोकं बोलतात."

"काय बोलतात?"

"ते तुम्हाला माहीत हाय. अजून तीन महिने हायत, बघू."

मला लगेच कळलं की यांच्या जावयाला माईक हवाय. त्याच आठवड्यात मी बायकोला माझी पाण्याची बाटली हुंगताना पकडलं.

"बाटली धुवायची होती," ती म्हणाली.

"नाकाने?"

शेवटी तीच मला ओढत चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी भिंग लावून चेहरा बघितला.

"काका, याला रोझेशिया म्हणतात. सावळ्या चेहऱ्यावर पटकन ओळखू येत नाही, म्हणून लोक भलतंच काही समजतात. दारूने तो वाढतो खरा, पण न पिणाऱ्यालाही होतो."

"हे लिहून द्या. शिक्का मारून."

"देते. पण हा मुळापासून जात नाही, ताब्यात ठेवावा लागतो. ऊन, उकाडा, कडक गरम चहा, तिखट, टेन्शन. तुमचा चेहरा कशाने पेटतो ते तुम्हीच शोधायचं. एक वही ठेवा आणि पंधरा दिवसांनी या."

मला वही ठेवायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. गोदामाचा पत्रा, फोर्कलिफ्टची गरम सीट, काल्हेरच्या टपरीवरचा चहा, बायकोचा ठेचा, अध्यक्ष, त्यांचा जावई, सासूबाईंचा फोन, सगळ्यांवर मी वेळेसकट पाळत ठेवली. ज्या दिवशी सासूबाईंचा फोन आला त्या दिवशी चेहरा भडकला होता, हे लेखी आहे. त्या दिवशी मी भर दुपारी दोन तास उन्हात ट्रक लावून घेत होतो, हे मी लिहिलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी बाई वही वाचता वाचता हसल्या आणि शेवटच्या पानावर थांबल्या. तिथे अक्षर माझं नव्हतं. 'रोज सकाळ-संध्याकाळ ट्यूब', एवढंच.

मी वळून बायकोकडे बघितलं. ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

"कुठली ट्यूब?" बाईंनी विचारलं.

ती आमच्याकडच्या मेडिकलवाल्याने खाजेला म्हणून दिलेली. चेहरा उजळतो म्हणून आमच्याकडची यंत्रमागांची अर्धी लूमलाईन लावते. मीही वर्षभर लावत होतो. सगळ्या जगावर संशय घेतला, पण रोज आरशासमोर हातात असलेल्या वस्तूवर कोण घेतो?

"यात स्टेरॉइड आहे," बाई म्हणाल्या. "बंद करा. आधी काही आठवडे जास्त भडकेल, घाबरून परत लावू नका. गोळ्या, हे जेल आणि उन्हात जाताना सनस्क्रीन."

भडकलं म्हणजे काय, आरसा तापला. बाईंना अध्यक्षांनीच पढवलं असणार, अशी माझी खात्री झाली. परत लावायला ट्यूब शोधली, मिळाली नाही; बायकोने ती तांदळाच्या डब्यात पुरली होती, हे नंतर कळलं. मी चहा कोमट प्यायलो, ठेच्याकडे पाठ केली, गोदामात ओला रुमाल बाळगला. दोन महिन्यांनी गालांच्या जागी गाल दिसायला लागले. नाक तेवढं तांबूस राहिलं.

शिक्क्याचा कागद घेऊन अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला, पोस्टमनच्या सवयीने मागची बाजूही बघितली.

"म्हणा भाऊ. पण नाक अजून जरा..."

"ते राहणार. त्याला घरी ठेवून येता येत नाही."

बुद्धपौर्णिमेला मी पुढे उभा राहिलो. माईक सरळ करायच्या निमित्ताने अध्यक्षांनी आपलं नाक माझ्या तोंडाजवळ आणलं. मी मोकळ्या मनाने श्वास सोडला.

"आणखी देऊ?"

"माईक बरोबर हाय," ते म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

पाचवं शील आलं. मी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, आणि अख्खा विहार माझ्यामागून म्हणाला. खोकला फक्त एक आला, बायकांच्या बाजूने.

"मला खरंच ठसका लागला होता," घरी येताना बायको म्हणाली.

मी वहीत वेळ लिहून ठेवली आहे.