निंबानानांची लिफ्ट

नशिराबादचे निंबानाना कोल्हे जळगावच्या एसटी वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. बत्तीस वर्षं बसखालच्या खड्ड्यात उभं राहून, मान वर करून त्यांनी पाने फिरवले. आपल्या गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नाही. घरामागच्या शेडमध्ये त्यांची अठरा वर्षांची मारुती उभी असते, आणि तिचं ऑइल बदलण्यापासून क्लच प्लेट टाकण्यापर्यंत सगळं ते स्वतः करतात.

गेल्या वर्षी एका रविवारी ते गाडीखाली उताणे पडून गिअरबॉक्सचा बोल्ट सोडत होते. शेडची जमीन नुसती मुरमाची. जॅक हळूहळू कलला आणि निसटला. काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवायची वर्कशॉपची सवय, म्हणून गाडी चाकावर बसली. नानांच्या शर्टाची बाही तेवढी अडकली. आवाज ऐकून त्यांच्या बायको पुष्पाबाई धावत आल्या. नाना बाही फाडून बाहेर आले आणि म्हणाले, "काही झालं नाही."

"काही झालं नाही? पुन्हा तिच्याखाली झोपलात तर मी ती भंगारात घालेन. उभं राहून करा, नाहीतर करू नका!"

उभं राहून करायचं तर खड्डा हवा. नानांनी माणूस लावून तीन फूट खणलं. पण मुरमाखाली जमीन काळी, आणि मागे केळीचा मळा. दोन दिवसांत खड्ड्यात गुडघाभर पाणी. चौथ्या दिवशी एक बाजू ढासळली. नानांनी तो बुजवला, वर काँक्रीट टाकून घेतलं आणि ठरवलं, लिफ्ट घ्यायची. हलवता येणारी, घरगुती.

जळगावच्या दुकानात एक तरुण विक्रेता होता. नानांनी विचारलं, "सगळ्यात खाली असताना उंची किती? गाडीखाली जाईल ना?"

"काका, तीन टन उचलते."

"ते विचारलं नाही मी. वर गेल्यावर लोखंडी लॉक पडतो, की नुसत्या तेलाच्या दाबावर उभी राहते?"

"तीन टनाची गॅरंटी आहे काका."

"माझी गाडी पाऊण टनसुद्धा नाही रे बाबा!"

त्याने एक जोडी दाखवली. दोन लांब फ्रेम, गाडीच्या दोन बाजूंना खाली सरकवायच्या. मध्ये जागा मोकळी, पण गाडी वर जाणार जेमतेम दोन फूट. नानांनी हात झटकला. "म्हणजे बसून काम करायचं. मी काय भाजी निवडायला बसू?"

मग फोनवर व्हिडिओ पाहण्याचा सपाटा सुरू झाला. परदेशातली गॅरेजं, सभागृहाएवढी. नाना पाहायचे आणि चिडायचे. "याच्या गॅरेजात माझं अख्खं घर मावेल. हा काय सांगतो मला!" मात्र एक पक्कं झालं होतं. चाकांवर सरकणारी, एका खांबाची, सहा फूट उचलणारी लिफ्ट. तेवढी उंची मिळावी म्हणून त्यांनी माणसं लावून शेडचे पत्रे उतरवून घेतले, नवे अँगल लावून घेतले आणि छत आठ फुटांवरून बारावर नेलं. पुष्पाबाई म्हणाल्या, "आधी लिफ्ट तर मिळू द्या!" पण नानांनी ऐकलं नाही.

दोन महिन्यांनी कळलं, धुळ्याला भूषण नावाचा गॅरेजवाला तशीच वापरलेली लिफ्ट विकतोय. नाना सकाळच्या एसटीने निघाले.

"मशीन टकाटक शे, आबा. बठ्ठं चालू शे," भूषण अहिराणीत म्हणाला आणि सगळं चालू आहे हे दाखवायला त्याने एक गाडी वर नेली. नानांनी लॉकचा प्रत्येक टप्पा कान देऊन ऐकला, वेल्डिंगवरून बोट फिरवलं, चाकांचे ब्रेक तपासले. खरोखर चांगली होती. मग ते गाडीखाली जाऊन उभे राहिले. किती वर्षांनी! त्यांनी पाना मागितला, उजवा हात वर केला आणि बोल्टला लावला.

हात खांद्यात अडकला. त्यांनी पुन्हा जोर लावला. कळ थेट मानेपर्यंत गेली. तो खांदा वर्षभरापासून दुखत होता, पण घरी डोक्याच्या वर हात न्यायची वेळच कुठे आली होती? डाव्या हाताने पाहिलं. दोन मिनिटांत बोटं थरथरायला लागली. पाना खाली पडला.

"काय व्हयनं, आबा?"

"काही नाही. घाम आला."

तासभर ते तिथल्या बाकावर बसून होते. भूषणने चहा दिला, भाव कमी केला, मग आणखी कमी केला. नाना नुसतं 'कळवतो' म्हणाले आणि परतीच्या गाडीत बसले. घरी आल्यावर पुष्पाबाईंनी विचारलं तर उत्तर एकच, "लॉक बरोबर नव्हता." खरं त्यांनी आठ दिवसांनी सांगितलं, तेही भिंतीकडे तोंड करून. "हात वर राहत नाही आता."

पुष्पाबाईंच्या ओठांवर बारा फुटी छताचा विषय आला होता. त्यांनी तो गिळला. "मग बसून करा," एवढंच म्हणाल्या.

शेवटी ती दोन फुटांची जोडीच आली, त्याच विक्रेत्याकडून. पहिल्या दिवशी व्होल्टेज इतकं कमी, की पंप नुसता घुमत राहिला. दुसऱ्या दिवशी फ्रेमवरचे रबरी ठोकळे गाडीच्या जॅक लावायच्या जागेपाशी पोहोचेनात. नानांनी फ्रेम मागे-पुढे करण्यात अर्धा दिवस घालवला आणि लिफ्ट बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिसऱ्या दिवशी गाडी वर गेली, दोन्ही लॉक खटकन पडले. पाटावर बसून, कोपर मांडीला टेकवून नानांनी ऑइल बदललं. वर्कशॉपमधलं वीस मिनिटांचं काम, दीड तास लागला.

गाडी खाली घ्यायला गेले तर कळलं, लॉक सुटायला ती आधी थोडी वर उचलावी लागते. त्यांनी बटण दाबलं आणि त्याच क्षणी लाइट गेली. दुपारी पाचोऱ्याला भाचीचा साखरपुडा होता. पुष्पाबाई ठेवणीतली साडी नेसून दारात आल्या.

"काय करू राहिले? गाडी अजून वरच?"

"लाइट गेली."

"कधी येईल?"

"मला विचारून गेली का ती?"

दोघं तणतणत स्टँडवर गेली. पाचोऱ्याची बस भरून आली, पुष्पाबाईंना आत कशीबशी जागा मिळाली, नानांना दारापाशी उभं राहावं लागलं. वाटेत त्यांच्या शेजारची सीट रिकामी झाली. पुष्पाबाईंनी पदराने ती अडवून ठेवली आणि हाक मारली. नानांनी आधी मान हलवून नाही म्हटलं, दोन धक्के खाल्ले, मग निमूट येऊन बसले.

"उद्या क्लचची केबल बघतो," ते म्हणाले.

"बसूनच?"

"नाहीतर कशी," नाना वैतागून म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.